तुमच्या क्लिकवर उघडणाऱ्या खिडक्या: पॉप-अप रोखणारी छोटी स्क्रिप्ट कशी लिहायची

व्हिडिओच्या पानावर ‘प्ले’ दाबावं तर आधी जुगाराची जाहिरात वेगळ्या टॅबमध्ये उघडते. ती बंद करून परत दाबावं तर दुसरी येते. तिसऱ्या खेपेला कुठे व्हिडिओ सुरू होतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर पॉप-अप रोखण्याची सोय चालूच असते. ती बिघडलेली नसते, आपलं काम चोख करत असते. फक्त ते काम आपण समजतो त्यापेक्षा वेगळं आहे.

पॉप-अप चांगला की वाईट याच्याशी ब्राउझरला देणंघेणं नसतं. खिडकी उघडण्याच्या जरा आधी माणसाने पानावर काही केलं होतं का, एवढंच तो तपासतो. क्लिक केलं, स्क्रीनवर बोट टेकवून उचललं किंवा कीबोर्डवरची कळ दाबली (एस्केप सोडून) की त्या पानाला खिडकी उघडण्याचा छोटासा परवाना मिळतो. माउस नुसता फिरवला किंवा पान वरखाली सरकवलं तर मिळत नाही. क्रोममध्ये हा परवाना पाच सेकंद टिकतो. फायरफॉक्समधली मूळ मर्यादाही ५,००० मिलिसेकंदांची आहे. एक खिडकी उघडली की तो खर्ची पडतो आणि पुढच्या खिडकीला पुढचा क्लिक लागतो. ‘प्ले’ तीनदा दाबावं लागतं ते यामुळेच. पहिले दोन क्लिक जाहिरातींनी खाल्लेले असतात.

पॉप-अप जाहिरातीचा कोड आपण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या संकेतस्थळासाठी लिहिला होता, असं एथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीरपणे सांगितलं आणि त्याबद्दल माफीही मागितली. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी बिथरली, म्हणून जाहिरात पानापासून तोडून स्वतंत्र खिडकीत टाकायची, असा तो उपाय होता. पुढे त्याचा उच्छाद झाला. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर इंटरनेट एक्स्प्लोररमध्येसुद्धा पॉप-अप रोखण्याची सोय आली. ऑपेरा आणि मोझिलामध्ये ती त्याआधीच होती. तेव्हापासून क्लिकशिवाय आपोआप उघडणाऱ्या खिडक्या जवळपास संपल्या. उरल्या त्या तुमच्या क्लिकवर डल्ला मारणाऱ्या. आपल्या स्क्रिप्टची गाठ फक्त त्यांच्याशी आहे, म्हणजे ब्राउझर ज्यांना हमखास ‘हो’ म्हणणार अशा खिडक्यांशी.

त्याआधी एक तपासून घ्या. समोर आलं ते खरंच वेगळी खिडकी किंवा टॅब आहे का? पानाच्या आतच मजकुरावर येऊन बसणारी ‘सदस्य व्हा’ची चौकट ही खिडकी नव्हे, तो पानाचाच एक तुकडा असतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात येणारी नोटिफिकेशन ही तिसरी गोष्ट; तिची परवानगी कधीतरी दिली गेलेली असते आणि ती ब्राउझरच्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये जाऊन काढावी लागते. खाली जी स्क्रिप्ट आहे ती या दोन्हींवर काहीही परिणाम करणार नाही.

स्क्रिप्ट ठेवायची कुठे

दुसऱ्याच्या पानात आपला कोड घुसवायला यूजरस्क्रिप्ट चालवणारं एक्स्टेन्शन लागतं. हा प्रकार फायरफॉक्सवरच्या ग्रीजमंकीमुळे रूढ झाला. आज क्रोम आणि त्याच्या भाऊबंदांवर टँपरमंकी, तर फायरफॉक्सवर टँपरमंकी किंवा व्हायोलेंटमंकी वापरतात. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन चालतात, त्यामुळे फोनवर हवं असेल तर तो एक मार्ग. अँड्रॉइडवरचं क्रोम एक्स्टेन्शन घेत नाही.

क्रोमवर नव्या माणसाची पहिली अडचण इथेच होते. टँपरमंकी बसवलं, स्क्रिप्ट जतन केली, हिरवं बटण चालू दिसतंय, तरी काही घडत नाही. क्रोमच्या नव्या आवृत्त्यांत यूजरस्क्रिप्ट चालवायला वेगळी परवानगी लागते. एक्स्टेन्शनच्या ‘डिटेल्स’ पानावर ‘अलाऊ यूजर स्क्रिप्ट्स’ असा खटका असतो, तो चालू करा. १३८ च्या आधीच्या आवृत्त्यांत त्याऐवजी एक्स्टेन्शनच्या पानावरचा ‘डेव्हलपर मोड’ चालू करावा लागतो. मग उघडलेली पानं रीलोड करा. आधीच उघड्या असलेल्या पानात स्क्रिप्ट मागाहून शिरत नाही.

कोडमधली नावं पुढे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती रोमन अक्षरांत, लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सांभाळून टाइप करायची.

वरच्या चार ओळी

यूजरस्क्रिप्टच्या डोक्यावर टिप्पणीच्या रूपात काही सूचना असतात. नवी स्क्रिप्ट उघडली की एडिटर तो सांगाडा स्वतःच देतो. आपल्याला त्यातल्या चारांशी मतलब आहे.

‘नेम’ म्हणजे नाव, ते काहीही द्या. ‘मॅच’ म्हणजे कोणत्या पत्त्यांवर चालायचं. सगळीकडे चालवायचं असेल तर तारांकन, दोन बिंदू, दोन तिरप्या रेघा, तारांकन, तिरपी रेघ, तारांकन: *://*/*. सुरुवातीला मात्र एकाच त्रासदायक साइटचा पत्ता द्या, म्हणजे काही बिघडलंच तर घोळ तेवढ्यापुरता राहील.

तिसरी ओळ ‘रन-ॲट’, आणि तिच्यापुढे ‘डॉक्युमेंट-स्टार्ट’. ही विसरली तर स्क्रिप्ट पान जवळपास पूर्ण उतरल्यावर चालते. तोवर जाहिरातीच्या कोडने खिडकी उघडण्याच्या मूळ फंक्शनची प्रत स्वतःच्या खिशात टाकलेली असते. नंतर तुम्ही फंक्शन बदललं तरी त्याच्याकडे जुनं आहेच. इथे आधी पोहोचेल त्याचं राज्य.

चौथी ओळ ‘ग्रँट’, तिच्यापुढे ‘नन’. ही ओळ बहुतेक जण न समजता नक्कल करतात, पण निम्म्या न चालणाऱ्या स्क्रिप्टांचं मूळ हीच असते. एक्स्टेन्शनचा कोड आणि पानाचा कोड एकच पान बघत असले तरी त्यांच्या जावास्क्रिप्टच्या दुनिया वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. तुम्ही तुमच्या दुनियेतलं फंक्शन बदललं तर पानाला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘ग्रँट नन’ म्हटलं की स्क्रिप्ट पानाच्या दुनियेत उतरते. एक्स्टेन्शनच्या खास सोयी हव्या असतील, उदाहरणार्थ ज्या साइटना खिडकी उघडू द्यायची त्यांची यादी कायमची साठवून ठेवणं, तर ‘नन’ चालत नाही आणि पानाच्या खिडकीला ‘अनसेफ-विंडो’ या नावाने हात घालावा लागतो. पहिल्या स्क्रिप्टसाठी त्या भानगडीत पडू नका. यादी कोडमध्येच लिहा.

‘नो-फ्रेम्स’ अशीही एक सूचना असते. ती घालू नका. पुष्कळ जाहिराती पानातल्या छोट्या फ्रेममधूनच (म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातून) खिडकी उघडतात, स्क्रिप्ट तिथेही चालायला हवी.

गाभा

पान नवी खिडकी उघडतं ते बहुधा ‘विंडो.ओपन’ या फंक्शनने. त्याला तीन गोष्टी देता येतात: पत्ता, खिडकीचं नाव आणि तिचं रूप, म्हणजे रुंदी-उंची वगैरे. बदल्यात ते नव्या खिडकीचा ताबा देतं, किंवा खिडकी उघडली नाही तर ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’.

एका ओळीत काम संपवायचं तर ‘विंडो.ओपन’च्या जागी काहीच न करणारं फंक्शन ठेवायचं. तेवढ्यावर जाहिराती थांबतात खऱ्या. पण त्याच दिवशी तुमचं पैसे भरणं अडतं, दुसऱ्या खात्याने लॉगिन होत नाही आणि वेबमेलमधलं प्रिंटचं पूर्वदृश्य उघडत नाही. खिडकी रोखणं सोपं आहे. कोणती रोखायची नाही हे ठरवण्यातच सगळी मेहनत आहे. साधारण मांडणी अशी (पट्टी आणि खोटी खिडकी म्हणजे काय ते पुढे येईल):

    हे पान विश्वासाच्या यादीत असेल → इथेच थांब, काहीच बदलू नकोस
    मूळ = विंडो.ओपन
    विंडो.ओपन = नवं फंक्शन (पत्ता, नाव, रूप):
        नाव _सेल्फ, _टॉप किंवा _पेरेंट असेल → मूळ चालव, त्याचं उत्तर परत दे
        त्या नावाची फ्रेम पानात असेल → मूळ चालव, त्याचं उत्तर परत दे
        नाहीतर → नोंद कर, पट्टी दाखव, खोटी खिडकी परत दे

पहिल्या ओळीत उघडणाऱ्या पत्त्याची नव्हे, तर *तुम्ही ज्या पानावर आहात* त्याची परीक्षा आहे. ‘कुठे जातंय’ ते बघून ठरवणं जास्त हुशारीचं वाटतं, पण त्यात एक अडचण आहे. पैसे भरण्याची आणि लॉगिनची बरीच पानं क्लिकच्या क्षणी कोरी खिडकी उघडतात आणि सर्व्हरकडून उत्तर आल्यावर तिच्यात पत्ता भरतात. परवाना पाच सेकंदांत संपतो, म्हणून ती आधी जागा धरून ठेवतात. नेमकी हीच युक्ती जाहिरातवालेही वापरतात. दोन्हीकडे पत्ता रिकामाच दिसणार. म्हणून साइट बघून ठरवा: जिच्यावर विश्वास आहे तिला पूर्ण मोकळीक, बाकीच्यांना मनाई.

यादी तपासताना चूक होते ती नाव जुळवण्यात. यादीत ‘उदाहरण.कॉम’ आहे आणि तुम्ही ‘पानाच्या नावात हे कुठेतरी येतं का’ असं ‘इन्क्लूड्स’ने तपासलं, तर ‘उदाहरण.कॉम.भलतंच.नेट’ सुद्धा आत शिरतं. ‘शेवट याने होतो का’ असं ‘एंड्स-विथ’ने तपासलं तर ‘खोटंउदाहरण.कॉम’ शिरतं. बरोबर कसोटी अशी: नाव तंतोतंत तेच असावं, किंवा त्याचा शेवट *टिंबासकट* ‘.उदाहरण.कॉम’ने व्हावा. तुलना ‘लोकेशन.होस्टनेम’शी, म्हणजे पत्त्यातल्या नुसत्या साइटच्या नावाशी करा, सगळ्या पत्त्याशी नको, कारण पत्त्याच्या शेपटीत कोणीही काहीही लिहू शकतं.

‘_सेल्फ’ची ओळ विसरली तर साध्या लिंका मेल्यासारख्या वाटतात. ‘विंडो.ओपन’ला हे नाव दिलं की नवी खिडकी उघडतच नाही, त्याच टॅबमध्ये पान बदलतं, आणि पुष्कळ साइट मेनू असाच चालवतात. फ्रेमच्या नावाचंही तेच.

मूळ फंक्शन जपून ठेवताना ते साध्या ‘कॉन्स्ट’मध्ये ठेवा आणि ‘कॉल’ वापरून, पहिली वस्तू ‘विंडो’ देऊन चालवा. एखाद्या ऑब्जेक्टच्या पोटात ठेवून त्याच्यामार्फत हाक मारली तर ब्राउझर ‘इल्लिगल इन्व्होकेशन’ म्हणून अंगावर येतो. आणि मूळ जे उत्तर देईल ते परत द्यायला विसरू नका. नाहीतर पानाला आपलीच खिडकी सापडत नाही.

‘नल’ की खोटी खिडकी

खिडकी उघडली नाही तर ब्राउझर स्वतः ‘नल’ देतो, मग आपणही तेच द्यावं हे सरळ दिसतं. पण जाहिरातीच्या कोडला ‘नल’चा अर्थ पक्का माहीत असतो. ‘नल’ दिसलं की तो दुसरा डाव टाकतो: कधी ‘पॉप-अप चालू केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही’ असं दटावतो, तर कधी तुमचा चालू टॅबच जाहिरातीच्या पानावर नेतो. काही कोड इतका गबाळा असतो, की उत्तर न तपासताच खिडकीवर ‘ब्लर’ (तिला मागे ढकलणारं फंक्शन) चालवायला जातो. ‘नल’वर ‘ब्लर’ चालत नाही, चूक फेकली जाते आणि त्याच फंक्शनमध्ये पुढे लिहिलेली ‘व्हिडिओ सुरू कर’ ही ओळ कधी येतच नाही. तुम्हाला वाटतं स्क्रिप्टने प्लेअर मोडला.

म्हणून खिडकीसारखा दिसणारा एक पोकळ ऑब्जेक्ट परत द्यायचा. त्यात ‘क्लोज्ड’ची किंमत ‘फॉल्स’, ‘फोकस’, ‘ब्लर’, ‘क्लोज’ आणि ‘पोस्ट-मेसेज’ ही काहीच न करणारी फंक्शनं, ‘लोकेशन’ नावाचा रिकामा ऑब्जेक्ट आणि ‘डॉक्युमेंट’मध्ये ‘राइट’ व ‘क्लोज’ एवढं असलं की बहुतेकांचं समाधान होतं. ‘क्लोज’ चालवल्यावर ‘क्लोज्ड’ ‘ट्रू’ होईल एवढी काळजी घ्या.

याची किंमतही आहे. लॉगिनची पानं दर अर्ध्या-एक सेकंदाने ‘खिडकी बंद झाली का’ असं विचारत बसतात. खोटी खिडकी कधीच बंद होत नाही आणि पान अनंतकाळ गोल चक्र दाखवत राहतं. तसं दिसलं की समजायचं, ही साइट विश्वासाच्या यादीत जायला हवी.

काही साइट ‘विंडो.ओपन’चा मजकूर काढून बघतात. खऱ्या फंक्शनचा मजकूर ‘नेटिव्ह कोड’ असा येतो, तुमच्या फंक्शनचा तुम्ही लिहिलेला कोड येतो आणि पितळ उघडं पडतं. यावर उतारा म्हणजे साधं फंक्शन न ठेवता मूळ फंक्शनभोवती ‘प्रॉक्सी’ (त्याला मारलेली हाक मध्येच झेलणारं आवरण) गुंडाळायची आणि तिच्या ‘अप्लाय’ सापळ्यात वरचे नियम लिहायचे. प्रॉक्सीचा मजकूर विचारला तरी उत्तर ‘नेटिव्ह कोड’ असंच येतं. पहिल्या दिवशी याची गरज नाही.

मागच्या दाराने

‘विंडो.ओपन’ बंद झालं की उरलेल्या वाटा दिसू लागतात.

सगळ्यात चलाख वाट फ्रेमची. पान एक कोरी फ्रेम तयार करतं, दस्तऐवजात जोडतं आणि लगेच तिच्या ‘कंटेंट-विंडो’मधून, म्हणजे फ्रेमच्या आतल्या खिडकीतून, ‘ओपन’ उचलतं. प्रत्येक फ्रेमची स्वतःची, ताजी दुनिया असते. तिच्यातलं ‘ओपन’ तुम्ही शिवलेलंच नसतं. इथे बरेच जण ‘म्युटेशन-ऑब्झर्व्हर’ लावून नव्या फ्रेमवर नजर ठेवतात. ते फुकट जातं. ऑब्झर्व्हरला बातमी मिळते ती चालू कोड पूर्ण झाल्यावर, आणि फ्रेम जोडणं व ‘ओपन’ उचलणं या दोन गोष्टी त्याच कोडच्या लागोपाठच्या ओळींत होऊन जातात. त्याऐवजी फ्रेमच्या ‘प्रोटोटाइप’वरचा (सगळ्या फ्रेमच्या सामाईक साच्यावरचा) ‘कंटेंट-विंडो’चा ‘गेटर’, म्हणजे ती मागितली की चालणारं फंक्शन, बदला: कोणी मागणी केली की आधी खरी खिडकी काढायची, तिच्या ‘ओपन’च्या जागी आपलं बसवायचं, मग ती हवाली करायची. फ्रेम परक्या साइटची असेल तर हात लावताच चूक येते, म्हणून हे ‘ट्राय-कॅच’मध्ये, म्हणजे चूक झेलणाऱ्या रचनेत ठेवा. ‘कंटेंट-डॉक्युमेंट’मधूनही खिडकीपर्यंत पोहोचता येतं, त्यालाही तीच वागणूक द्या. खिडकीच्या नावापुढे चौकटी कंसात क्रमांक लिहूनही फ्रेम मिळते आणि ती वाट अशी अडवता येत नाही. सुदैवाने ती वापरणारे कमी.

दुसरी वाट लिंकची. कोड ‘_ब्लँक’ टार्गेट असलेली, म्हणजे नव्या टॅबमध्ये उघडणारी लिंक तयार करतो आणि तिच्यावर स्वतःच ‘क्लिक’ चालवतो. माणसाच्या क्लिकला ‘इज-ट्रस्टेड’ची किंमत ‘ट्रू’ असते, कोडने केलेल्याला ‘फॉल्स’. म्हणून ‘विंडो’वर, ‘कॅप्चर’ टप्प्यात (क्लिकची घटना लिंकपर्यंत पोहोचण्याआधी) क्लिक ऐकायचा. ‘इज-ट्रस्टेड’ नसेल, लिंकचं टार्गेट ‘_ब्लँक’ असेल आणि पत्ता परक्या साइटचा असेल तर ‘प्रिव्हेंट-डिफॉल्ट’ चालवून लिंक उघडणं रोखायचं. पण लिंक दस्तऐवजात जोडलेलीच नसेल तर तिचा क्लिक ‘विंडो’पर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी लिंकच्या प्रोटोटाइपवरचं ‘क्लिक’ फंक्शनही बदलावं लागतं. ‘_ब्लँक’ टार्गेटच्या फॉर्मचाही असाच चोरदरवाजा आहे: कोडने ‘सबमिट’ चालवलं तर सबमिटची घटना घडतच नाही, त्यामुळे नुसतं ऐकून भागत नाही, ते फंक्शनच गुंडाळावं लागतं.

तिसरी वाट मात्र खऱ्या क्लिकची आहे, आणि म्हणूनच चिवट. सगळ्या पानावर एक पारदर्शक लिंक अंथरलेली असते; तुम्ही ‘प्ले’ समजून दाबता ते तिच्यावर. ‘इज-ट्रस्टेड’ खरं, लिंक खरी, ब्राउझरच्या दृष्टीने सगळं रीतसर. इथे अंदाजच बांधावा लागतो. क्लिक झालेल्या लिंकचं माप ‘गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्ट’ने घ्या. तिने दिसणाऱ्या पानाचा निम्म्याहून जास्त भाग व्यापला असेल, आत एकही अक्षर किंवा चित्र नसेल, टार्गेट ‘_ब्लँक’ असेल आणि पत्ता दुसऱ्या साइटचा असेल, तर चारही अटी पुऱ्या झाल्यावरच क्लिक रोखा आणि ती लिंक पानातून काढून टाका. नुसती रोखून ठेवली तर खालच्या बटणापर्यंत क्लिक कधीच जाणार नाही. एखादी अट सैल केलीत की बातम्यांच्या साइटवरच्या मोठ्या चित्रांच्या लिंका मरू लागतात. कंट्रोल दाबून केलेला किंवा माउसच्या मधल्या बटणाचा क्लिक सोडून द्या. तिथे नवा टॅब तुम्हालाच हवा असतो.

पट्टी

काय रोखलं ते दिसत नसेल तर स्क्रिप्ट चार दिवसांत डोकेदुखी होते. एखादं बटण चालत नाही, आणि दोष साइटचा की आपला ते कळत नाही. म्हणून खाली कोपऱ्यात सहा-सात सेकंद दिसणारी छोटी पट्टी दाखवा: रोखलेला पत्ता आणि ‘उघडा’ असं बटण. बटण दाबलं की जपून ठेवलेलं मूळ फंक्शन त्याच पत्त्याने चालवायचं. तो तुमचा ताजा क्लिक असल्यामुळे ब्राउझरही आडकाठी करत नाही.

पट्टीत चार ठिकाणी घसरायला होतं. स्क्रिप्ट ‘डॉक्युमेंट-स्टार्ट’ला चालते तेव्हा ‘बॉडी’ (पानाचा दिसणारा भाग) जन्मालाच आलेली नसते. पट्टी आधीच तयार करून ‘बॉडी’ला जोडायला गेलात तर स्क्रिप्ट तिथेच कोसळते आणि पुढचं काहीच चालत नाही. म्हणून ती पहिली खिडकी रोखली जाईल तेव्हाच बनवा आणि ‘डॉक्युमेंट-एलिमेंट’ला, म्हणजे पानाच्या मुळाला जोडा. पत्ता लिहिताना ‘टेक्स्ट-कंटेंट’ वापरा, ‘इनर-एचटीएमएल’ नको, कारण तो मजकूर समोरच्या पानाने दिलेला आहे आणि त्यात काय दडलंय ते सांगता येत नाही. ‘उघडा’ बटणावर ‘इज-ट्रस्टेड’ तपासा, नाहीतर पानाचा कोडच ते बटण दाबून मोकळा होईल. आणि फ्रेमच्या आत पट्टी दाखवू नका, ३०० पिक्सेलच्या जाहिरातीत ती दिसणारही नाही. तिथे नुसती कन्सोलमध्ये (एफ-१२ दाबल्यावर दिसणाऱ्या नोंदींच्या खिडकीत) नोंद पुरे. पट्टी सगळ्यांच्या वर राहावी म्हणून ‘झेड-इंडेक्स’ २१४७४८३६४७ द्या. याहून मोठा आकडा ब्राउझर धरत नाही.

लॉगिनची खिडकी पट्टीवरून उघडली तर ती उघडते, पण मागच्या पानाच्या हातात तोवर खोटी खिडकी गेलेली असते, त्यामुळे पुढचा संवाद जुळत नाही. तिथे साइट यादीत घाला, पान रीलोड करा आणि लॉगिन पहिल्यापासून करा. पैसे भरण्याचा भाग दुसऱ्या कंपनीच्या फ्रेममध्ये असेल तर तिचंही नाव यादीत लागेल, कारण फ्रेमच्या आत ‘होस्टनेम’ त्या कंपनीचं येतं. पैसे भरायला सुरुवात करण्याआधीच ही तजवीज करून ठेवा, व्यवहार अर्ध्यावर असताना नको.

पारख आणि मर्यादा

स्क्रिप्ट पारखायला जाहिरातींनी भरलेल्या साइटवर जायची गरज नाही. एक साधं एचटीएमएल पान बनवा आणि त्यावर पाच बटणं ठेवा: सरळ ‘विंडो.ओपन’, ‘_सेल्फ’ नावाने ‘विंडो.ओपन’, दोन सेकंद थांबून ‘विंडो.ओपन’, न जोडलेल्या लिंकवर कोडने क्लिक आणि कोऱ्या फ्रेममधलं ‘ओपन’. दुसरं बटण चाललं पाहिजे, बाकी चार अडले पाहिजेत. लिंकच्या बटणासाठी पत्ता दुसऱ्या साइटचा द्या. पान संगणकावरच्या फाइलमधून उघडत असाल तर वर दिलेला ‘मॅच’ त्याला लागू होत नाही. फाइलसाठी वेगळी ओळ लागते, शिवाय क्रोममध्ये एक्स्टेन्शनला फाइल वाचण्याची परवानगी द्यावी लागते. एफ-१२ दाबून कन्सोलमध्ये ‘विंडो.ओपन’ टाइप करून बघण्यात अर्धाच अर्थ आहे: आपलं फंक्शन बसलंय का ते त्यातून कळतं, पण क्रोम कन्सोलमधल्या आज्ञेला माणसाच्या क्लिकसारखंच मानतो, त्यामुळे ब्राउझर स्वतः काय रोखतो ते त्यातून कळत नाही.

काही गोष्टी या मार्गाने होणारच नाहीत. चालू टॅबच जाहिरातीकडे वळवणं त्यातलं मुख्य. ते ‘लोकेशन’ बदलून होतं आणि ‘लोकेशन’ मुद्दामच असं घडवलेलं आहे, की कोणत्याही स्क्रिप्टला त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही. तिथे जाहिरातीच्या पत्त्याकडे जाणारी विनंतीच अडवावी लागते आणि ते काम फायरफॉक्सवरच्या यूब्लॉक ओरिजिनसारख्या, जाहिराती अडवणाऱ्या गाळणीचं. त्यात ‘विंडो.ओपन’ निकामी करणारा तयार तुकडाही आहे. चार-दोन साइटपुरताच त्रास असेल तर स्वतः स्क्रिप्ट लिहिण्याऐवजी त्याचा एक नियम लिहिणं जास्त सोयीचं. स्वतःची स्क्रिप्ट हवी ती नियम आपल्या हातात ठेवायचे असतील तेव्हा.

आणि कोरा टॅब उघडा असताना, किंवा जाहिरात कधीच न दाखवणाऱ्या साध्या साइटवरही खिडक्या उघडत असतील, तर त्या पानातून येतच नाहीत. एक्स्टेन्शनची यादी उघडून सगळी बंद करा, मग एकेक चालू करत कोणतं खोडी काढतंय ते शोधा. त्यातही काही निघालं नाही तर संगणकावर अलीकडे बसवलेले प्रोग्राम तपासा.